माद्रिदहून एका दिवसाच्या गाइडसह बससहली: टोलेडो, सेगोव्हिया, आविला (आणि दक्षिणेकडचं काही)

पायवाट

माद्रिदला राहायला आल्यापासून ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडे माद्रिदमध्ये एक दिवस मोकळा आहे. गाइडवाली बसटूर घ्यावी का? आणि कुठली?" फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर त्यांनाही उपयोग होईल. ज्यांनी या सहली केल्या आहेत त्यांनी भर घाला, मतभेद असतील तर तेही लिहा.

माझं मत आधीच सांगतो: एका दिवसात एकच शहर. फार तर एकाच दिशेची दोन. जाहिरातीत तीन नावं दिसली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण टूर निवडताना नावं मोजू नका, त्या शहरात पायी फिरायला किती तास मिळणार आहेत ते बघा.

टोलेडो माद्रिदच्या दक्षिणेला साधारण ७० किमी. सेगोव्हिया आणि आविला ग्वादारामा डोंगराच्या पलीकडे, वायव्येला. म्हणजे तिन्ही शहरं एकाच टूरमध्ये घेतली की बस माद्रिदवरून आरपार जाते. बसमधला वेळ, जेवण, गट मोजणं, स्वच्छतागृहाचा थांबा आणि बहुतेक टूरमध्ये असतोच असा दुकानातला थांबा वजा केला, तर प्रत्येक शहराच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात. टोलेडोला दीड तास देणं म्हणजे तिथे न जाण्यातच जमा.

टोलेडोबद्दल जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण गाइड असल्याचा खरा फायदा तिथेच कळतो. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या उंच खडकावर हे शहर वसलंय. १५६१ मध्ये स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला आणि टोलेडोचं राजकीय महत्त्व गेलं. आज जुनं शहर इतकं शाबूत दिसतं त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. टूरच्या बस आधी नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हायेला थांबतात. तिथून कॅथेड्रल, अल्काझार (किल्ला-राजवाडा) आणि नदीवरचे पूल एका नजरेत येतात. स्वतःहून गेलात तर इथपर्यंत यायची वेगळी सोय करावी लागते, म्हणून बसटूरचा हा एक चांगला मुद्दा.

मग गल्ल्या. सांतो तोमे नावाचं एक छोटं चर्च आहे. आत एल ग्रेकोचं 'काउंट ऑर्गाझचं दफन' हे प्रचंड चित्र आहे, उंची जवळजवळ पावणेपाच मीटर. काम १५८६ ते १५८८ चं. नुसतं बघणारा माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. आमच्याबरोबरच्या गाइडबाईंनी सगळ्यांना आधी खालचा डावा कोपरा बघायला लावला. तिथे काळ्या कपड्यातला एक लहान मुलगा आपल्याकडे बघत चित्राच्या मध्यभागी बोट दाखवतो. तो चित्रकाराचा मुलगा मानला जातो. त्याच्या खिशातून रुमाल डोकावतो आणि त्या रुमालावर एल ग्रेकोची सही आहे, सोबत १५७८ हे साल, मुलाच्या जन्माचं. मग त्यांनी संत स्टीफनच्या जरीच्या झग्याकडे बोट दाखवलं. त्या झग्याच्या काठावर त्याच संताला दगडांनी मारल्याचा प्रसंग रंगवलाय, चित्रात चित्र. हे दाखवणारं कुणी नसेल तर नजर तिकडे जातच नाही.

कॅथेड्रलचं बांधकाम १२२६ चं सुरू. स्वस्त टूरमध्ये बहुतेक वेळा ते फक्त बाहेरून दाखवतात. 'कॅथेड्रल बघणार' आणि 'कॅथेड्रलमध्ये प्रवेश' यात फरक आहे, बुकिंगआधी नीट वाचा. आत मुख्य वेदीच्या मागे 'त्रान्सपारेन्ते' आहे. वेदीमागच्या शिल्पांवर उजेड पडावा म्हणून १७३२ मध्ये नार्सिसो तोमेने चक्क छताला भगदाड पाडलं. सूर्य वर असताना आत असाल तर नशीबवान. रविवारी सकाळी कॅथेड्रल प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात, म्हणून रविवारची टोलेडो टूर शक्यतो टाळा.

सेगोव्हियाला रोमन जलवाहिनी. सर्वात उंच ठिकाणी २८ मीटरच्या वर, ग्रॅनाइटचे दगड एकावर एक, मध्ये चुना नाही की काही नाही. जवळ जाऊन दगडांवरच्या खोबणी बघा. वजन उचलताना लोखंडी चिमटे अडकवायला पाडलेली ती भोकं आहेत. पंधराएक किलोमीटरवरच्या डोंगरातून आणलेलं पाणी या कमानींवरून शहरात यायचं. इझाबेला कास्तीलची राणी म्हणून घोषित झाली ती याच शहरात, १४७४ मध्ये. अल्काझार आतून बघण्यासारखा आहे, वेळ राखून ठेवा.

आविलाला मुख्य म्हणजे तटबंदी. अडीच किलोमीटर घेर, काही भागावरून चालता येतं. कॅथेड्रलची पाठ तटातच गुंफलेली आहे. अर्ध्या दिवसात होतं.

बुकिंग करताना विचारायचं ते हे: शहरात किती तास, कुठली प्रवेशतिकिटं धरली आहेत, गाइड एका भाषेत बोलणार की दोन (इंग्रजी आणि स्पॅनिश आलटून पालटून असेल तर निम्मा वेळ दुसऱ्या भाषेत जातो), कानात लावायचं यंत्र देणार का, आणि गटात माणसं किती. गटाचा आकडा सांगायला कुणी टाळाटाळ केली तर मी ती टूर घेत नाही.

---

चिंच_गूळ

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण 'एकच शहर' या मताशी सहमत नाही.

मी आई-बाबांना घेऊन गेले होते. दोघं सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी बसमधला तास म्हणजे विश्रांती. एका शहरात सहा तास दगडी चढउतार केले असते तर दुसऱ्या दिवशी आई खोलीबाहेर पडली नसती. आम्ही आविला आणि सेगोव्हिया एकत्र केलं. सकाळी आविला, जेवण, मग सेगोव्हिया. दोन्हीकडे बस जवळ सोडते, गाइड हळू चालणाऱ्यांसाठी थांबत होता. बाबा अजून त्या जलवाहिनीबद्दल सोसायटीतल्या सगळ्यांना सांगतात.

ज्येष्ठांसाठी टोलेडोचं एक सांगते. बसतळाजवळून वर झोकोदोव्हेर चौकाच्या अलीकडे नेणारे सरकते जिने आहेत. बहुतेक टूर त्यानेच वर नेतात. वर गेल्यावर मात्र गोट्यांच्या फरशा आणि उतार आहेतच, काठी असलेली बरी. चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट.

---

पायवाट

चिंच_गूळ, आविला-सेगोव्हिया जोडी मलाही मान्य आहे, 'एकाच दिशेची दोन' म्हटलं ते त्यासाठीच. दोन्हींमध्ये साठ-पासष्ट किलोमीटर अंतर आहे. आणि गुडघ्यांचा मुद्दा अगदी बरोबर, तो मूळ लेखात यायला हवा होता. माझा विरोध टोलेडो आणि सेगोव्हिया एका दिवसात उरकण्याला आहे.

---

रुळावरून

गाइड चांगला, बस कशाला? टोलेडोला माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून वेगवान ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या थोडं वर लागतं. टोलेडोचं स्टेशन स्वतःच बघण्यासारखं, मुदेहार (स्पेनमधली इस्लामी वळणाची) धाटणीचं, रंगीत काचांचं. तिथे पोचून शहरातलाच स्थानिक गाइड दोन तासांसाठी घ्या आणि उरलेला दिवस तुमचा. संध्याकाळी टूरच्या बस निघून गेल्या की गल्ल्या रिकाम्या होतात. टूरवाल्यांना तो वेळ कधीच मिळत नाही.

सेगोव्हियाला मात्र ट्रेनचा मोह नको. वेगवान गाडीचं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून पुन्हा शहरबस. त्यापेक्षा माद्रिदच्या मोंक्लोआहून सुटणारी साधी बस थेट गावात सोडते.

---

वेळापत्रक

रुळावरून यांना +१, पण पहिल्यांदा युरोपात येणाऱ्यांना बसटूरमध्ये जे निश्चिंतपण मिळतं त्याचीही किंमत आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बस सांगितलेल्या वेळेला का सुटते, 'पाच मिनिटं थांबा ना' का चालत नाही? युरोपात ड्रायव्हरच्या तासांचे नियम कडक आहेत. सलग साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची, दिवसात चालवण्याची मर्यादा नऊ तास (आठवड्यातून दोनदा दहा), आणि रात्रीची सलग विश्रांती साधारण अकरा तास. सगळं बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं. उशीर झाला तर दंडाची टांगती तलवार ड्रायव्हरवर असते, त्यामुळे त्याच्यावर चिडू नका.

याच हिशोबाने माद्रिदहून बसने एका दिवसात कोर्डोबा किंवा ग्रानाडा विकत असतील तर घेऊ नका. जायचंच चारशे किलोमीटर, तेवढंच यायचं. कोर्डोबाला माद्रिदहून वेगवान ट्रेन पावणेदोन तासांत नेते.

---

निळी_छत्री

कोर्डोबासाठी सेव्हिलहून जा! अंतर एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास, बसटूर आरामात होते.

मेझकिता (मशीद-कॅथेड्रल) बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोर्डोबाचा अमीर पहिल्या अब्दुर रहमानने ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली आणि पुढे दोनशे वर्षं वाढत गेली. आज आठशेहून जास्त खांब आहेत, त्यातले बरेच जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून काढून आणलेले. त्यामुळे खांबांची उंची, रंग, माथे सगळे वेगवेगळे. खांब बुटके पडले म्हणून छत वर न्यायला कमानीवर दुसरी कमान चढवली, लाल वीट आणि पांढरा दगड आळीपाळीने. सोळाव्या शतकात या खांबांच्या रानात मधोमध कॅथेड्रल उभं केलं. तिथे पोचलात की पायाखालची जमीन तीच, पण मान एकदम वर जाते.

आमची गाइड एका खांबापाशी थांबली आणि म्हणाली, "आता पाच मिनिटं मी बोलणार नाही." टूरमधला माझा सगळ्यात आवडता वेळ तोच.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी जाऊ नका. पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि गाइडच्या मागे उन्हात उभं राहावं लागतं. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर. मे महिन्यात घरांच्या फुलांनी सजवलेल्या अंगणांचा उत्सव असतो, तेव्हा गर्दीही तेवढीच.

---

कागदपत्रं_काका

ग्रानाडाच्या अल्हाम्ब्राला (मुस्लीम राजांचा किल्ला-राजवाडा) जाणाऱ्यांनी हे वाचाच. तिकीट नावावर असतं आणि मूळ पासपोर्ट तपासतात. नास्रिद राजवाड्यांसाठी अर्ध्या तासाची ठरलेली वेळ असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. मालागाकडून निघालेल्या आमच्या बसमध्ये एका जोडप्याने पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवले होते, फोनवर फोटो होता. गाइडने दारावर खूप विनवण्या केल्या, शेवटी त्या दोघांनी बाहेरच्या बागेत तीन तास काढले. टूर कंपनी बुकिंगच्या वेळी पासपोर्ट नंबर मागत नसेल तर अल्हाम्ब्राचं तिकीट खरंच धरलंय का, हे लेखी विचारा. नुसतं 'ग्रानाडा टूर' असेल तर गावात फिरवून परत आणतात.

---

ज्वारीची_भाकरी

सगळ्यांचे आभार! आम्ही शाकाहारी (अंडं चालतं, सासूबाईंना तेही नाही). टूरमध्ये 'जेवणासहित' घ्यावं का? सेगोव्हियाच्या टूरमध्ये कोवळ्या डुकराचं मांस हे खास आकर्षण म्हणून लिहिलंय, ते वाचूनच सासूबाई 'मी नाही येत' म्हणाल्या.

---

निळी_छत्री

जेवणासहित अजिबात नको. शाकाहारी म्हणून सांगितलं तरी सॅलडवर ट्यूना घालून आणतात, त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नाही. तुम्ही स्वतः ऑर्डर करताना 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून' एवढं पाठ करा, म्हणजे मांस, हॅम आणि ट्यूना नको.

अंडं चालतं त्यांना बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) कुठेही मिळेल. सासूबाईंसाठी पिस्तो (टोमॅटो, ढोबळी, वांगं घालून शिजवलेली भाजी, वर अंडं घालतात ते नको सांगायचं), टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप). कोर्डोबाला मधातली तळलेली वांगी, सेव्हिलला पालक-छोले. छोले बघून आमच्याकडच्या ज्येष्ठांचे चेहरे खुलले होते! सेगोव्हियाचे मोठे पांढरे वाल प्रसिद्ध आहेत, पण त्यात सहसा डुकराचं मांस असतं, तेव्हा जपून.

आणि जेवणाची वेळ. दीड-दोनच्या आधी स्वयंपाकघरं सुरू होत नाहीत. बाराला भूक लागणाऱ्यांनी दशम्या किंवा खाकरे बरोबर ठेवा.

---

मांडवीकाठ

अवांतर आहे, पण गोव्याचा म्हणून लिहितो. माद्रिदहून अर्ध्या दिवसाची एक टूर राहून गेली, एल एस्कोरियाल. १५६३ ते १५८४ मध्ये दुसऱ्या फिलिपने बांधलेला राजवाडा-मठ, अंतर पन्नासएक किलोमीटर. याच फिलिपकडे १५८० नंतर पोर्तुगालचं राज्य आलं, आणि १६४० पर्यंत गोवा स्पेनच्या राजांच्याच छत्राखाली होता. त्याची कबर तिथे तळघरात आहे. जुन्या गोव्यात वाढलेल्या माणसाला त्या दगडी जिन्यावरून उतरताना काय वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण. सोमवारी बंद असतं.

टोलेडोला मार्झिपान नक्की खा. आमच्याकडे नाताळात काजूचं करतात, तिथे बदामाचं.

---

शून्यापासून

मांडवीकाठ, अवांतर कसलं, हाच तर खरा विषय! त्याच एस्कोरियालच्या ग्रंथालयात एक हस्तलिखित आहे, उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दाच्या मठात ९७६ साली पूर्ण झालेलं. पश्चिम युरोपात आपले एक ते नऊ अंक पहिल्यांदा लिहिलेले सापडतात ते त्यात, आणि सोबत भारतीयांच्या तल्लख बुद्धीची तारीफ. मूळ पान प्रदर्शनात असेलच असं नाही, पण ते या इमारतीत आहे हे ठाऊक असलं की ग्रंथालयात पाय रेंगाळतो.

आणि टोलेडो! सईद अल-अंदालुसी हा तिथला काझी. १०६८ मध्ये त्याने विद्या जोपासणाऱ्या राष्ट्रांवर लिहिलं, त्यात पहिलं स्थान भारताला दिलं. पुढच्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड इटलीहून टोलेडोला आला आणि अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणत राहिला, गणिती अल-ख्वारिझ्मीचं बीजगणितही त्यात होतं. टूरवाले तलवारी आणि सोन्याच्या तारेचं जडावकाम दाखवतात, ते छानच आहे. पण गाइडला भाषांतरकारांबद्दल विचारा. आम्ही विचारलं तर त्याने ठरलेला रस्ता सोडून आम्हाला सांता मारिया ला ब्लांकाला नेलं. यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आत मशिदीसारख्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, पुढे त्याचं चर्च झालं. तिथे उभं राहून त्याने जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

---

चिंच_गूळ

शून्यापासून, हे वाचून आता टोलेडोला परत जावं लागणार. आणि हो, पायवाट, आता तुमचं 'एकच शहर' मला टोलेडोपुरतं पटलं. अष्टविनायकाची बस करतो तशी ही शहरं करता येत नाहीत.

---

ज्वारीची_भाकरी

आमचा बेत डिसेंबरचा आहे, बरोबर आठ वर्षांचा मुलगा. नाताळच्या आठवड्यात टूर चालू असतात का? आणि मुलगा कंटाळेल का?

---

पायवाट

टूर चालू असतात, पण २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि ६ जानेवारीला बरीच स्मारकं बंद असतात. २४ आणि ३१ ला लवकर बंद होतात. ते दिवस सोडून आखा. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे सकाळी लवकर निघणारी टूर घ्या. आविला अकराशे मीटरच्या वर आहे आणि तटावर वारा झोंबतो, कानटोपी, हातमोजे हवेतच. लहान मुलाबरोबर डिसेंबरात मी आविला सोडून देईन.

मुलगा कंटाळणार नाही. सेगोव्हियाला त्याला चिमट्यांची भोकं मोजायला लावा, अल्काझारमध्ये चिलखतं आहेत. टोलेडोत तलवारी.

---

ज्वारीची_भाकरी

मग मंगळवारी टोलेडो, गाइडसह, कॅथेड्रल प्रवेशासहित. गुरुवारी सेगोव्हिया स्वतः, मोंक्लोआच्या बसने. सासूबाईही तयार झाल्या, पालक-छोल्यांचं नाव काढल्यावर 😊 ते सेव्हिलला मिळतात हे अजून सांगितलेलं नाही. अल्काझारच्या मनोऱ्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं का?

---

पायवाट

हो, मनोऱ्याचं वेगळं. दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल, सासूबाईंना खालीच बसवा. समोरच्या बागेत बाकं आहेत, ऊनही असतं. तुम्ही आणि मुलगा वर जाऊन या. आणि सासूबाईंना सेव्हिलचं आजच सांगून टाका, तिथे पोचेपर्यंत थांबू नका.